बुटाच्या लेस कशा धुवायच्या, वाळवायच्या आणि टिकवायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बूट धुऊन, शिवून, चिकटवून देण्याचं आमचं पुण्यात एक छोटं दुकान आहे. लोक बुटांबद्दल एकदा विचारतात आणि लेसबद्दल पुन्हा पुन्हा. जूनमध्ये शाळेच्या बुटांचे प्रश्न येतात, जुलैत वासाचे, ऑक्टोबरात कुसळांचे आणि लग्नसराईत हळदीचे. तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून ती इथे एकत्र केली आहेत. सगळं वाचायची गरज नाही, पण प्रश्न २ तेवढा वाचाच. आमच्याकडे येणाऱ्या बाद लेसपैकी बऱ्याच लेसची वाट घरच्या उपायानेच लागलेली असते, आणि तो उपाय बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी धाग्यासाठी बरोबर असतो.

१. तीस-चाळीस रुपयांत नवी जोडी मिळते, मग लेस धुवायच्याच कशाला?

शाळेच्या काळ्या बुटांच्या साध्या लेस तुटायला आल्या असतील तर खरंच नव्या घ्या, आम्हीही तेच करतो. पण ट्रेकिंगच्या बुटांच्या दणकट लेस, फॉर्मल बुटांच्या बारीक लेस किंवा एखाद्या स्नीकर्सची नेमकी त्या रंगाची आणि लांबीची लेस पटकन मिळत नाही. शिवाय न धुतल्याने लेस नुसती मळकट दिसत नाही, तिचं आयुष्यही कमी होतं. विणीत अडकलेले मातीचे आणि वाळूचे कण पॉलिश पेपरसारखं काम करतात. लेस ओढली की बुटाच्या भोकाच्या कडेवर ते कण धाग्यावर घासतात, आणि लेस नेमकी तिथेच विरते.

लेस बुटात तशीच ठेवून बूट धुऊ नका. जिभेवरचा मळ तसाच राहतो आणि लेसखालच्या पट्ट्यांचे डाग बुटावर उमटतात.

२. लेस कशाची आहे हे ओळखायचं कसं? पाकिटावर काहीच लिहिलेलं नसतं.

आधी हाताने पाहा. सुती लेस मऊ, थोडी खरखरीत, चमक नसलेली. पॉलिएस्टर गुळगुळीत. नायलॉन त्याहून चमकदार आणि बोटातून निसटणारी. मेण लावलेली लेस किंचित ताठ असते, नखाने खरवडली की नखात पांढुरकं मेण येतं. ताणून पाहिली आणि रबरासारखी परत आली, तर आत इलास्टिक आहे.

मग पाण्याचा एक थेंब टाका. वापरलेली सुती लेस तो लगेच पिते, पॉलिएस्टरवर तो जरा रेंगाळतो. नव्या सुती लेसवर कांजी किंवा मेण असेल तर ही चाचणी फसते.

शंका उरलीच तर जाळून पाहायचं. लेसच्या विसविशीत झालेल्या जागेतून एक-दोन धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि मोरीत किंवा सिंकवर मेणबत्तीजवळ न्या. सूत कागदासारखं पेटतं, वासही जळक्या कागदाचा, आणि मागे बोटाने चुरणारी राख राहते. पॉलिएस्टर आणि नायलॉन ज्योतीपासून आक्रसतात, वितळतात आणि गार झाल्यावर कडक मणी उरतो. पॉलिएस्टरचा धूर काळा, काजळीचा असतो. रेशीम, लोकर आणि चामडं यांना केस जळल्याचा वास येतो. पॉलिप्रॉपिलीनला विझलेल्या मेणबत्तीसारखा वास येतो. स्वस्तातल्या गोल लेसमध्ये हा धागा सापडतो, आणि तो पाण्यापेक्षा हलका असल्याने तुकडा पाण्यावर तरंगतो.

एक घोळ नेहमी होतो: गोल लेसमध्ये बाहेरचं विणकाम एका धाग्याचं आणि आतला गाभा दुसऱ्याच धाग्याचा असू शकतो. दोन्हींतून एकेक धागा घ्या आणि जो जास्त नाजूक निघेल त्याच्या नियमाने धुवा.

३. सुती लेस धुण्याची साधी पद्धत काय?

लेस काढा, कोरड्या असतानाच झटका आणि जुन्या टूथब्रशने माती पाडा. हे सगळ्यांत महत्त्वाचं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. मग मगभर कोमट पाण्यात अर्धा चमचा डिटर्जंट घालून वीस मिनिटं भिजत ठेवा. डिटर्जंट जास्त घातल्याने लेस जास्त स्वच्छ होत नाही. उरलेला साबण विणीत बसतो आणि पुढच्या वेळी तोच मळ धरतो. भिजल्यावर लेस तळहातावर पसरून ब्रश लांबीच्या दिशेने फिरवा. आडवा घासला तर धागे सुटतात. मग पाणी निवळ येईपर्यंत खळबळून घ्या. तीन वेळा तरी पाणी बदलावं लागतं.

ओलं सूत कोरड्या सुतापेक्षा मजबूत असतं, त्यामुळे सुती लेस पिळायला भ्यायचं कारण नाही. पांढऱ्या सुती लेस अगदी उकळत्या पाण्यात टाकल्या तरी चालतात, फक्त थोड्या आखूड होतात (प्रश्न १८).

४. पॉलिएस्टर आणि नायलॉन सारखेच दिसतात. धुताना फरक पडतो का?

पडतो. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीत नाही: हवेतला जेमतेम ०.४ टक्के ओलावा घेतं, तर सूत ८ टक्क्यांच्या आसपास. म्हणून ते झटपट वाळतं. पण तेलकट डागाशी त्याचं फार सख्य. सायकलच्या चेनचं तेल, बुटाचं पॉलिश, तळणाचा हात यांना ते घट्ट धरतं. अशा डागावर कपड्याच्या पावडरपेक्षा भांड्यांचं लिक्विड थेंबभर चोळून दहा मिनिटं ठेवलेलं बरं. पाणी कोमटच ठेवा. साधारण ७० अंशांच्या वर पॉलिएस्टर मऊ पडतं आणि तेव्हा पडलेली घडी गार झाल्यावर तशीच राहते.

नायलॉनची खोड वेगळी. पाण्यात सुटलेला दुसऱ्या कपड्याचा रंग ते आनंदाने पितं. नव्या जीन्सबरोबर धुतलेली पांढरी नायलॉनची लेस निळसर होऊन येते आणि ती परत पांढरी करणं अवघड. ती नेहमी वेगळी किंवा पांढऱ्याच कपड्यांबरोबर धुवा. क्लोरीनच्या ब्लीचशी तर तिचं वैर आहे (प्रश्न ७).

दोघांनाही इस्त्री नको.

५. वॉशिंग मशीनमध्ये टाकल्या तर?

चालतं, पण सुट्या टाकू नका. सुटी लेस इतर कपड्यांना गुंडाळते, टोकं उडतात, आणि कधी ती पंपाकडे जाऊन अडकते. मग मेकॅनिक बोलवावा लागतो. आतले कपडे धुवायची जाळीची पिशवी असेल तर उत्तम. नसेल तर जुना मोजा घ्या, त्यात लेस भरा आणि तोंडाला सैल गाठ मारा. चामड्याच्या, मेणाच्या आणि रेशमी लेस मशीनमध्ये नकोत. ड्रायर कुठल्याच लेसला नको.

६. मुलाच्या पांढऱ्या पीटी बुटांच्या लेस दर आठवड्याला धुते, तरी करड्या-पिवळट दिसतात. काय चुकतंय?

हा आमच्याकडे सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे, आणि 'दर आठवड्याला धुते' यातच अर्धं उत्तर आहे. करडेपणा बहुधा मळाचा नसतो, नीट न निघालेल्या साबणाचा असतो. बोअरवेलचं जड पाणी असेल तर आणखी. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कपड्याच्या वडीच्या साबणाशी जुळून चिकट साय तयार होते, आणि ती विणीत बसते. लेस वाळल्यावर काडीसारखी कडक होत असेल तर हेच कारण समजा.

वडी सोडून डिटर्जंट वापरा. शेवटच्या पाण्यात लिटरला एक छोटा चमचा लिंबूफूल किंवा दोन-तीन चमचे पांढरं व्हिनेगर घाला, दहा मिनिटं ठेवा आणि साध्या पाण्यातून काढा. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो.

दुसरं कारण बुटाला लावायचा पांढरा रंग. रविवारी रात्री घाईत लेस न काढताच बुटावर स्पंज फिरवला जातो आणि तो रंग थरावर थर लेसवर चढतो. सोमवारी लेस पांढरीशुभ्र दिसते, पण पहिल्या घामाला किंवा पावसाला तो रंग भिजतो आणि धूळ धरतो. मुलं घाईत असतात हे खरं, पण लेस काढायला दोनच मिनिटं लागतात.

जुना पिवळेपणा काढायला ऑक्सिजनवाली डाग काढायची पावडर चांगली. व्हॅनिशसारख्या पावडरींमध्ये सोडियम परकार्बोनेट असतं, ते पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं. त्याला गरम पाणी लागतं. गार पाण्यात ते आळसावतं. सुती लेस हात जेमतेम सोसेल इतक्या गरम पाण्यात तासभर भिजवा, पॉलिएस्टर कोमट पाण्यात रात्रभर.

नीळ शेवटी. ती पिवळेपणा घालवत नाही, निळ्या छटेने तो झाकते. सुतावर ती छान बसते, पॉलिएस्टरवर टिकत नाही. थेट लेसवर थेंब टाकू नका, नाहीतर निळे ठिपके घेऊन याल.

७. सरळ ब्लीच टाकलं तर काम सोपं होणार नाही का?

पांढऱ्या सुती लेससाठी कधीतरी चालेल: लिटरभर गार पाण्यात एक चमचा, पाच मिनिटं, आणि भरपूर पाण्याने धुणं. दर आठवड्याला वापरलं तर सूत कुजल्यासारखं होतं आणि गाठ मारताना हातात तुटतं. नायलॉन त्याने पिवळं पडतं आणि कमकुवत होतं. इलास्टिक मरतं. रेशीम, लोकर, चामडं यांचा तर नाशच होतो. रंगीत लेसवर ठिपके पडतात. म्हणजे लेस कशाची हे माहीत नसेल, तर बाटली कपाटातच राहू द्या.

आणि हे मात्र नीट वाचा: ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर, लिंबूफूल किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. आधी ब्लीच आणि मग लिंबू असा क्रमही एकाच बादलीत करू नका.

८. लेसवर ठरावीक अंतरावर तपकिरी ठिपके आलेत, धुऊनही जात नाहीत.

ठिपक्यांमधलं अंतर आणि बुटाच्या भोकांमधलं अंतर जुळवून पाहा. तो गंज आहे. भोकाच्या धातूच्या कडीवरचा रंग किंवा मुलामा उडाला की आतलं लोखंड पावसाच्या पाण्याने गंजतं आणि लेसवर उतरतं.

यावर ब्लीच तर अजिबात नको, डाग आणखी पक्का होतो. लिंबाचा रस आणि मीठ हा जुनाच उपाय इथे खरोखर काम करतो, कारण लिंबातलं ॲसिड लोहाला बांधून पाण्यात सोडवतं. डागावर रस पिळा, मीठ भुरभुरवा, उन्हात तास-दोन तास ठेवा, सुकू लागलं की पुन्हा रस लावा आणि मग स्वच्छ धुवा. रंगीत लेस असेल तर आधी आत लपणाऱ्या भागावर करून पाहा.

पण कडी तशीच राहिली तर महिन्याभरात ठिपके परत येतात. कडी कोरड्या ब्रशने घासून तिच्या आतल्या कडेला बिनरंगाचं नेलपॉलिश लावा आणि पूर्ण वाळू द्या. एका पावसाळ्यापुरतं निभतं.

९. कोकणात जाऊन आलो. लाल मातीचा रंग लेसमधून जातच नाही.

जांभ्याच्या मातीचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आणि कण अतिशय बारीक. ओला असताना घासला की तो विणीच्या आत खोल जातो, आणि घरी आल्या आल्या सगळे नेमकं तेच करतात. चिखल पूर्ण वाळू द्या, लेस वळवून-चोळून माती पाडा, मग गार पाण्यात नुसतीच भिजवा. पाणी लाल झालं की बदला. चार-पाच पाणी बदलल्यानंतरच डिटर्जंट. उरलेल्या छटेवर प्रश्न ८ मधलं लिंबू लावून पाहा, पण पांढऱ्या सुती लेसवर थोडा गुलाबीपणा राहिला तर मनाला लावून घेऊ नका. आम्ही स्वतः सावंतवाडीकडे जाताना तपकिरी लेस घालून जातो.

मराठवाड्या-विदर्भातली काळी माती उलट स्वभावाची. ओली असताना ती बुटाला ढेकळासारखी धरून बसते, पण वाळली की खपल्या होऊन पडते आणि रंग मागे ठेवत नाही. नियम तोच: आधी वाळू द्या.

गोव्याच्या किंवा अलिबागच्या किनाऱ्यावरून आलात तर साबणाची घाई नको. आधी वाळू झटका आणि गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढा. मीठ हवेतला ओलावा ओढतं, म्हणून अशी लेस सतत दमट राहते आणि कडीही लवकर गंजते.

१०. हळदीच्या कार्यक्रमात पांढऱ्या स्नीकर्सच्या लेसवर हळद सांडली. साबण लावला तर लाल झाली!

घाबरू नका, डाग वाढलेला नाही. हळदीतलं कर्क्युमिन क्षारात लाल होतं आणि साबण क्षारीय असतो. पाण्याने धुतलं की पुन्हा पिवळं दिसेल. कर्क्युमिनचा खरा शत्रू ऊन आहे. लेस साबणाने धुऊन ओलीच कडक उन्हात टाका, संध्याकाळी पुन्हा धुवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. दोन-तीन दिवसांत डाग फिका होत जातो. सुती लेस हळद जास्त धरते, तिला वेळ लागतो.

मेंदीचं मात्र तसं नाही. ती धाग्याला रंगवते. सुती किंवा रेशमी लेसवर मेंदी लागून वाळली असेल तर दुसरीही लेस मेंदीत बुडवून जोडी जुळवणं एवढाच उपाय आमच्याकडे आहे. एका नवरदेवाने खरोखर तसं केलं आणि छान दिसलं.

११. डांबर, च्युइंगगम, रक्त, रंगपंचमीचा रंग?

डांबराला खोबरेल तेल चोळून ते सैल करा, फडक्याने टिपा, मग भांड्यांचं लिक्विड. च्युइंगगमची लेस पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, कडक झाल्यावर मोडून काढा. रक्ताला गार पाणीच. गरम पाण्याने ते शिजून धाग्यात पक्कं बसतं. रंगपंचमीचा कोरडा रंग आधी झटका, ओल्या रंगाला लगेच वाहतं पाणी. नायलॉनवर तो चढला की सहसा राहतोच (प्रश्न ४).

नेलपॉलिशचा डाग काढायला रिमूव्हर वापरणार असाल तर लेसच्या टोकापासून लांब ठेवा. त्यात ॲसिटोन असेल तर टोकावरची नळी विरघळू शकते.

१२. ऑफिसच्या बुटांच्या बारीक, ताठ लेस धुतल्यावर लुळ्या का पडल्या?

कारण त्या मेण लावलेल्या सुती लेस होत्या आणि मेण धुऊन गेलं. मधमाश्यांचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, म्हणजे गरम पाणी आणि डिटर्जंट दोन्ही त्याच्या मुळावर. अशा लेस ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसायच्या, एवढंच. फार मळल्या तर गार पाणी आणि सौम्य साबण.

मेण परत चढवता येतं. वाळलेली लेस मेणाच्या वडीवरून दोन-तीनदा ओढा, हेअर ड्रायरची गरम हवा द्या म्हणजे मेण आत मुरतं, आणि गरम असतानाच सुती फडक्याच्या चिमटीतून ओढून जास्तीचं पुसा. साध्या मेणबत्तीनेही होतं, पण ते मेण ठिसूळ, त्यामुळे गाठीपाशी पांढऱ्या खपल्या पडतात. टाचांच्या भेगांना लावायचं कोकमतेल चालेल का, असं एकाने विचारलं होतं. नाही. ते पायाच्या उबेनेच मऊ होतं, आणि मग मोजा तेलकट.

१३. चामड्याच्या लेसची काळजी कशी घ्यायची?

ही एकच लेस आहे जी 'धुवायची' नाही. कोरड्या ब्रशने धूळ काढा, पिळून घेतलेल्या ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत पंख्याखाली सरळ लटकवा. भिजली असेल तर ऊन, हीटर, गॅसजवळची ऊब, सगळं टाळा. ओलं चामडं उष्णतेने आक्रसतं आणि कडक होतं, ते परत मऊ होत नाही. वाळल्यावर बिनरंगाचं शू क्रीम बोटावर अगदी थोडं घेऊन लेसवरून ओढा आणि तासाभराने कोरड्या फडक्याने पुसा. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पुरे.

खोबरेल तेल सगळ्यांच्या घरात असतं म्हणून सगळे तेच लावतात. लेस मऊ होते हे खरं, पण रंग काळपट होतो, धूळ चिकटते, आणि जास्त झालं तर लेस लांबत जाऊन गाठ टिकत नाही. दर काही महिन्यांनी लेस उलट टोकाकडून ओवा. म्हणजे भोकाच्या कडेवर घासणारी जागा बदलते.

१४. इलास्टिकच्या आणि सिलिकॉनच्या, न बांधायच्या लेस?

इलास्टिकला गार पाणी, सौम्य साबण आणि सावली. ब्लीच, गरम पाणी आणि इस्त्री तिन्ही वर्ज्य. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबा. एकदा सैल पडली की ती परत घट्ट होत नाही. सिलिकॉनच्या पट्ट्या भांड्यांच्या लिक्विडने धुवा आणि पुसा, बस्स.

१५. पावसाळ्यात लेस वाळत नाहीत आणि वास येतो. काय करू?

वास जिवाणूंचा असतो, आणि त्यांना ओलावा हवा असतो. म्हणून पाणी आधी टॉवेलने काढा: लेस टॉवेलवर ठेवून गुंडाळी करा आणि त्यावर उभे राहा. यानेच निम्मं काम होतं. मग लेस मधोमध चिमटा लावून पंख्यासमोर लटकवा. बुटात ओवून वाळवू नका. पॉलिएस्टर रात्रभरात वाळतं, जाड सुती लेस जुलैत दोन दिवसही घेते. आमचा सल्ला: जून ते सप्टेंबर पॉलिएस्टरच्या दोन जोड्या आलटून-पालटून वापरा आणि सुती लेस दसऱ्याला बाहेर काढा.

वास बसलाच असेल तर लिटरभर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखं धुवा. बुरशी दिसली तर आधी घराबाहेर ब्रशने झाडा, म्हणजे ती कपाटात पसरत नाही. सुतावर काळे ठिपके खोल गेले असतील तर प्रश्न ६ मधली ऑक्सिजनची पावडर. तरी राहिले तर लेस बदला. चामड्यावरची बुरशी कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा आणि प्रश्न १३ प्रमाणे क्रीम लावा.

१६. ट्रेकहून आल्यावर लेसमध्ये कुसळं अडकली आहेत. मशीनमध्ये निघतील का?

निघणार नाहीत, उलट आत शिरतील आणि तुमच्या टी-शर्टातही जातील. कुसळाला एकाच दिशेने जाण्याची सोय असते. ते ज्या बाजूने घुसलं त्याच बाजूला पुढे ओढून काढावं लागतं. लेस वाळू द्या, भिंगरीसारखी वळवून वीण सैल करा आणि चिमट्याने एकेक काढा. बारीक दातांची फणीही चालते. काम कंटाळवाणं आहे, मॅच बघत करा. सप्टेंबर-ऑक्टोबरात सह्याद्रीत जाणार असाल तर गोल, घट्ट विणीच्या लेस घ्या. चपट्या सैल विणीत कुसळं दुप्पट बसतात असा आमचा अनुभव आहे.

१७. टोकाची प्लास्टिकची नळी निघाली. आता लेस भोकात जातच नाही.

सर्वांत टिकाऊ उपाय इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो: वायरवर चढवायची हीट श्रिंक नळी. दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा टोकावर चढवा आणि हेअर ड्रायर किंवा दुरूनच लायटरची ऊब द्या. ती आक्रसून घट्ट बसते. पॉलिएस्टर-नायलॉनचं टोक नुसतं ज्योतीजवळ नेलं तरी वितळून एकजीव होतं. बोटांनी दाबू नका, चटका बसतो आणि कातडीला चिकटतं. सूत वितळत नाही, ते पेटतं. त्याला दोरा गुंडाळून वर नेलपॉलिश लावा.

फेविक्विकसारख्या गमाबद्दल सावध राहा. सुतात तो शोषला गेला की इतक्या वेगाने घट्ट होतो की चांगलीच उष्णता निघते, कधी धूरही. बोटात धरलेल्या सुती लेसवर तो कधी ओतू नका.

१८. धुतल्यापासून लेस आखूड झाली आहे, आणि गाठही सारखी सुटते.

दोन वेगळ्या गोष्टी. सूत पहिल्या काही धुण्यांत आटतं. ओली असताना हळू ताणून, खालच्या टोकाला दोन-चार चिमटे लावून लटकवली की बरीचशी परत येते.

गाठ सुटायचं एक कारण फॅब्रिक सॉफ्टनर. तो धाग्यावर निसरडा थर देतो, आणि गाठ तर घर्षणावरच उभी असते. लेसला सॉफ्टनर नको.

दुसरं कारण तुमची सुरगाठ उलटी असणं. गाठ मारून खाली पाहा: दोन्ही फासे बुटावर आडवे, डावी-उजवीकडे पडले असतील तर ठीक. ते बोटांकडे आणि घोट्याकडे वळत असतील तर गाठ कमकुवत आहे. पहिली अढी उलट्या बाजूने घाला, बाकी हात नेहमीसारखाच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या तिघा संशोधकांनी २०१७ साली हे तपासलं होतं. धावताना पाय जमिनीवर आपटतो तेव्हा गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट झटका बसतो, त्याने ती सैल होते, आणि हलणारी मोकळी टोकं तिला ओढत सुटी करतात. दोन्ही प्रकारच्या गाठी सुटतात, पण उलटी लवकर.

आणि ओल्या लेसची निरगाठ बसली असेल तर दातांनी ओढू नका. ती आधी वाळू द्या, मग काट्याच्या चमच्याचा एक दात गाठीच्या मधोमध घालून हलवा. दाभण वापरलं तर धागा फुटतो.

१९. एनसीसीच्या बुटांच्या काळ्या लेस राखाडी पडल्या. रंगवता येतील का?

सुती असतील तर बाजारात मिळणाऱ्या कापडाच्या काळ्या रंगाने येतील. पॉलिएस्टर घरच्या रंगाला दाद देत नाही, नव्या घ्या. लेसला बूटपॉलिश चोळायची युक्ती परेडच्या सकाळी चालते, पण तो काळा हात, मोजा आणि खाकी पँट तिघांनाही लागतो. पॉलिश करताना लेस काढून ठेवा.

नव्या गडद लेसचा रंग मीठ-व्हिनेगरच्या पाण्याने पक्का होतो, असं सगळीकडे सांगितलं जातं. होत नाही. रंग कारखान्यात पक्का केलेला असतो किंवा नसतो. पहिली दोन धुणी वेगळी, गार पाण्यात करा.

२०. लेस बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं? आणि जुनीचं काय करू?

गोल लेसच्या बाहेरच्या विणीतून आतला पांढरा गाभा दिसू लागला की बदला. चपटी लेस भोकापाशी निम्मी अरुंद झाली की बदला. ट्रेकला निघायच्या आदल्या रात्री वरच्या दोन आकड्यांजवळचा भाग बोटांनी चाचपून पाहा, तुटते ती तिथेच. नवी घेताना जुनी मोजून न्या. धुऊन आटलेली सुती लेस मोजली तर नवी आखूड येईल, हे लक्षात ठेवा.

जुनी सुती लेस कारल्याचा किंवा दोडक्याचा वेल मांडवाला बांधायला उत्तम, काही महिन्यांनी आपोआप कुजून जाते. नायलॉनची वापरलीत तर सैल बांधा आणि हंगाम संपला की सोडून घ्या, नाहीतर देठ जाड झाल्यावर ती त्यात रुतते.